नथीशिवायची झाशीची राणी

डिसेंबर लागला की माझ्याकडे एकीकडे लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग आणि दुसरीकडे शाळांची स्नेहसंमेलनं. कोळीण, शेतकरी, सैनिक ही मंडळी मी संध्याकाळपर्यंत उरकून टाकते, त्यांचं कटिंग हाताला पाठ झालंय. त्या वर्षी मात्र झाशीची राणी आली आणि तिनं मला चांगलंच कामाला लावलं.

पोरगी सात वर्षांची. सोबत आई आणि आजी. आईच्या फोनवर फोटो तयारच होता: लालभडक सॅटिनची नऊवारी, चकचकीत काठ, गालभर नथ, छातीवर पत्र्यासारखं चमकणारं चिलखत. ‘ताई, अगदी असंच हवं.’ आदल्या वर्षी भाड्यानं आणलेल्या ड्रेसची जर टोचून पोरीच्या मानेवर पुरळ उठलं होतं, म्हणून यंदा शिवून घ्यायचं ठरलेलं. आणि तेच सांगता सांगता त्या मला तसलाच टोचरा ड्रेस दाखवत होत्या!

मी पूर्वी हौशी नाटकांचे कपडे शिवायचे. तेव्हापासून एक खोड लागली आहे, माणूस खरा होऊन गेलेला असेल तर तो काय घालायचा हे आधी बघायचं. राणीच्या बाबतीत तर पाहिलेल्या माणसानंच लिहून ठेवलंय. वरसईचे गोडसे भटजी 1858 च्या इंग्रजांच्या वेढ्यात झाशीत अडकले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये राणीचे दोन वेष आहेत. बायकी वेष असेल तेव्हा पांढरं पातळ, पांढरी चोळी, मोजकेच दागिने. पुरुषी वेष असेल तेव्हा पायजमा, अंगरखा, डोक्याला टोपी, टोपीवरून पागोटं, कमरेला दुपेटा आणि त्यात तलवार. नथ नाही. कशी असणार? राणीचे पती गंगाधरराव 1853 च्या नोव्हेंबरातच गेले होते. पुढच्या वर्षी जॉन लँग नावाचा वकील राणीच्या भेटीला झाशीला गेला, त्यालाही पडदा सरकला तेव्हा क्षणभर दिसली ती साध्या पांढऱ्या मलमलीतली राणी. कानातलं सोडून अंगावर दागिना नाही, असं त्यानं लिहिलंय.

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं सांगितलं आणि आजींचा चेहरा पडला. ‘म्हणजे विधवेचं पांढरं लुगडं लेकराच्या अंगावर घालायचं? काही नको गं बाई.’ त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. सत्तरीच्या बाईनं नातीसाठी पांढरं नको म्हटलं तर ते मला समजतं. मी म्हटलं, ‘काकू, मग अंगरखा शिवू या. राणी घोड्यावर बसायची ती काही घोळदार लुगडं नेसून नाही.’ घोडा म्हटल्यावर पोरगी पहिल्यांदा तोंड उघडून बोलली, ‘मला पळता येईल?’ ठरलंच मग.

रविवार पेठेतून जांभळं मऊ सुती कापड आणलं. पागोट्यासाठी मलमल, आणि दुपेटा म्हणून आजींनी स्वतःच्या विरलेल्या चंदेरीचा धड राहिलेला भाग काढून दिला. चंदेरी गाव तसं झाशीच्याच मुलखातलं, त्यामुळे मला तर ते फारच आवडलं.

अंगरख्याची खरी करामत बगलेत असते. आपल्या नेहमीच्या कुडत्याचा मुंढा गोल कापून त्यात बाही बसवतात. दिसतं छान, पण हात वर केला की अख्खा कपडा पोटापर्यंत वर सरकतो. जुने शिंपी मुंढ्याचा गोल काढतच नसत. बाही सरळ, आणि बगलेत एक चौकोनी तुकडा, चौबगला. मी आधी मांजरपाटाचा नमुना शिवला आणि तिच्या हातात माझी लाकडी पट्टी दिली. ‘उगार तलवार!’ तिनं पट्टी थेट पंख्याच्या दिशेनं उगारली. चौबगला पतंगासारखा उघडला, आणि खालचा घेर गुडघ्यावर होता तिथंच राहिला. हे बघायला मला अजूनही मजा येते. कापडाची बचतही होते, कारण सगळे तुकडे सरळ रेषेत कापायचे, वाया जातं ते अगदी चिंधीभर.

छातीवरच्या गोल उघड्या भागाला आतून पडदा लावला, कमरेखाली कळ्या, आणि बगलेशी बांधायचे बंद. बंद खरे, पण त्यांच्याखाली टिचबटणं. स्टेजमागे पन्नास पोरांना सांभाळणाऱ्या बाई गाठी कुठे मारत बसणार? पायजम्यालाही नाडीऐवजी इलॅस्टिक घातलं. इतिहास गेला खड्ड्यात, सात वर्षांच्या पोरीला शूला घाईची लागते. पागोट्याचं काम मात्र गोडसे भटजींनीच सोपं करून ठेवलेलं. आत टोपी आहेच, म्हणून अस्तराच्या टोपीवर मलमल गुंडाळून जागोजागी टाके घातले. उचलायचं आणि डोक्यावर ठेवायचं.

पुढच्या वर्षीही अंगाला यावं म्हणून कडेच्या शिलाईत दोन बोटं दाब सोडला, बाह्यांच्या टोकाला चुण्या येतील इतकी लांबी ठेवली. आईला हे चिलखतापेक्षा जास्त पटलं.

शेवटच्या फिटिंगला पोरीनं विचारलं, ‘बाळ कुठं बांधायचं?’ आता हा राणीच्या दत्तक मुलाचा, दामोदररावांचा विषय. चित्रांत तान्हं मूल पाठीशी असतं, पण 1849 चा जन्म धरला तर लढाईच्या वेळी ते आठ वर्षांचे होते. मी तिला म्हटलं, ‘अगं, तो तुझ्यापेक्षा मोठा होता.’ ती जरा विचार करून म्हणाली, ‘मग त्याला वेगळा घोडा द्यायचा ना!’ यावर मी काय बोलणार? बाहुली आणलेलीच होती. दुपेट्याला मागून आणखी दोन बंद लावून दिले.

संमेलनाच्या रात्री आईनं व्हिडिओ पाठवला. पोरगी स्टेजभर दौडत होती, ‘मेरी झाँसी नहीं दूँगी’ ओरडून झालं आणि वर दोनदा जास्तच ओरडून झालं. मी पाहत होते फक्त बगल. शिवण कुठे ताणलेली नव्हती. पागोटंही जागचं हललं नाही.

जानेवारीत त्याच वर्गातल्या एका मुलाची आई आली, तिच्या धाकटीलाही झाशीची राणी व्हायचं होतं. मी अंगरखा काढून दाखवला, मांजरपाटाचा नमुनाही दाखवला. तिनं सगळं नीट पाहिलं, ‘छान आहे हो’ म्हणाली आणि फोनवर लाल सॅटिनचा फोटो उघडला. तोही शिवून दिला. आतून सुती अस्तर लावलं आणि त्याचे पैसे वेगळे घेतले. नथ तुळशीबागेतून त्यांनीच आणली.