उन्हाळ्यात इन्क्युबेटर लावू नका, वहिनी

नेदरलँड्समधल्या बार्नेवेल्ड गावाजवळ मी राहतो. हा सगळा भाग कोंबड्यांचाच. गडद तपकिरी अंडी देणारी बार्नेवेल्डर जात इथलीच, गावात कुक्कुटपालनाचं संग्रहालयसुद्धा आहे. शेजारी परसात चार-सहा कोंबड्या पाळतात आणि थंडी सरली की घरातच छोटा इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र, लावतात. त्यांच्याकडे पाहून जे शिकलो ते विदर्भात दारव्ह्याकडच्या आमच्या गावी वहिनींना फोनवर सांगत असतो. त्यांनी या हिवाळ्यात थर्माकोलच्या डब्याचा, बल्ब आणि पंखा बसवलेला इन्क्युबेटर घेतला. गिरिराज, वनराजसारख्या सुधारित जातीच्या कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण खुडूक होऊन अंडी उबवायला क्वचितच बसतात. गावरान बसते, पण तिच्या पोटाखाली दहा-बारा अंडीच मावतात.

आकडे इथे आणि तिथे सारखेच. २१ दिवस, ३७.५ अंश, १८व्या दिवसापर्यंत ५० ते ५५ टक्के ओलावा आणि दिवसातून निदान तीनदा अंडी फिरवणं. शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद, ओलावा ६५ ते ७० टक्के.

फरक आहे तो खोलीचा. इथलं घर वीस अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे यंत्राला फक्त ऊब द्यायची असते. थर्मोस्टॅट बल्ब बंद करू शकतो, डबा थंड करू शकत नाही. वैशाखात विदर्भात पारा ४५ ला टेकतो, टिनाखालची खोलीच चाळिशी ओलांडते, मग आतली अंडी साडेसदतीसवर राहणार कशी? आणि नुकसान त्याआधीच सुरू झालेलं असतं. अंडं साधारण २४ अंशांच्या खाली असलं तर आतला जीव निजलेला राहतो. एप्रिल-मेमध्ये टोपलीत साठवलेल्या अंड्यात तो अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. अंडी फळली नाहीत म्हणून दोष मात्र बिचाऱ्या कोंबड्याला! म्हणून माझं कळकळीचं सांगणं, दिवाळीनंतर लावा, होळीच्या आत आटपा. अंडी आठवड्याच्या आतली घ्या, निमुळतं टोक खाली करून घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा, धुऊ नका.

सातव्या रात्री वहिनींनी लाईट बंद करून मोबाईलच्या टॉर्चवर एक अंडं धरलं. व्हिडिओ कॉलवर मलाही दिसलं, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा काळा ठिपका. ज्यात काहीच दिसलं नाही ती अंडी बाजूला काढली.

इथे वीज सहसा जात नाही. गावात मात्र लाईन जायचीच. अशा वेळी झाकण अजिबात उघडू नका, हवेची भोकं मोकळी ठेवून वरून गोधडी टाका. तासा-दोन तासांचा गारवा पिल्लू सोसतं, जास्तीची उष्णता सोसत नाही.

विसाव्या दिवशी पहाटे फोन आला, "भाऊजी, पिल्लू टोच मारून राह्यलं, पण बाहेर काही येऊन नाही राह्यलं. फोडून देऊ का?"

"नाही वहिनी, हात लावू नका."

पहिलं भोक पडल्यावर बाहेर यायला दिवसभरही लागू शकतो. त्या वेळात आतल्या पापुद्र्यातलं रक्त पिल्लाच्या अंगात परत जातं, उरलेला बलक पोटात ओढला जातो. आपण टरफल सोललं तर रक्तस्राव होऊन ते दगावतं. झाकण उघडलं की ओलावा उडतो, पापुद्रा सुकतो आणि बाकीची पिल्लंही आत चिकटून बसतात. त्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं, तेव्हा अंग वाळेपर्यंत ते डब्यातच राहू द्या.

पुढे पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजते, चोच उघडी टाकून कडेला गेली असतील तर बल्ब वर घ्या.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा नावाची लस पाच ते सात दिवसांत द्यायचीच. कुपी शंभर पिल्लांच्या पुढची मिळते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. तेव्हा गल्लीतल्या चार घरांनी मिळून, बर्फात ठेवून आणावी आणि एकाच सकाळी सगळ्यांच्या पिल्लांना द्यावी. वहिनींनी शेजारच्या दोन घरी बोलणं केलंसुद्धा.