कोरीडोरासची पिल्ले आणि टाकीचा तळ

कोरीडोरास हा टाकीच्या तळाशी राहणारा छोटा, मिशावाला शोभेचा मासा जाळीने पकडू नये, हे मी नव्याने मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला सर्वांत आधी सांगतो. त्याच्या पाठीवरच्या परात आणि दोन्ही बाजूंच्या परांत पुढे एकेक टणक काटा असतो. मासा घाबरला की हे काटे ताठ उभे राहतात आणि सांध्यातच असे अडकतात की बाहेरून दाबून ते मिटत नाहीत. कोकणातले कोळी शिंगाळा जाळ्यातून सोडवताना ज्या काट्यांपासून हात जपतात, तसेच पण लहान काटे हे, कारण दोन्ही मासे मिशावाल्या माशांच्या एकाच गणातले आहेत. म्हणून मी मासा हलकेच हाकलत पारदर्शक डब्यात घेतो आणि पाण्यासकट दुसरीकडे नेतो. जाळीत अडकलाच, तर ओढाताण न करता जाळी पाण्यात बुडवून ठेवावी. बहुधा तो शांत होऊन आपसूक सुटतो, आणि नाहीच सुटला तर कात्रीने जाळीचे धागे कापावेत. दुकानातून आणताना दुहेरी पिशवी मागून घ्यावी आणि एका पिशवीत गर्दी करू देऊ नये, कारण काट्याने पिशवीला भोक पडते. शिवाय फार घाबरलेले कोरीडोरास अंगातून विषारी स्राव सोडतात व तो पिशवीतल्या थोड्याशा पाण्यात त्यांनाच बाधतो.

माझ्याकडे आहेत ते कोरीडोरासपैकी ब्राँझ कोरी या जातीचे आणि त्यांचाच लाल डोळ्यांचा अल्बिनो, म्हणजे अंगात रंगद्रव्य नसलेला, प्रकार. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा कुर्ल्याच्या बाजारात सहज मिळतो. पुस्तकांत त्याचे शास्त्रीय नाव कोरीडोरास एनियस असे असे. २०२४ मधल्या पुनर्वर्गीकरणानंतर तो ऑस्टिओगॅस्टर एनिया झाला, मात्र दुकानदार आणि मासा या दोघांनीही त्याची दखल घेतलेली नाही. तो मधूनच सुसाट वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळ गाठतो. आतड्यातून प्राणवायू शोषण्याची त्याची ही रीत आहे, आजार नव्हे. टाकी काठोकाठ न भरता झाकणाखाली हवेला जागा ठेवली म्हणजे झाले. बाकी त्याचे सारे आयुष्य तळाशी जाते. दुकानात मिळणारे धारदार रंगीत खडे आणि त्यांच्या फटींत कुजणारे अन्न यांमुळे त्याच्या मिशा झिजतात, तेव्हा तळाला धुतलेली बारीक वाळूच घालावी. कोणत्याही तक्रारीवर मूठभर मीठ टाकण्याची आपल्याकडची सवय या माशाच्या बाबतीत टाळलेलीच बरी.

अंडी मिळवणे तुलनेने सोपे आहे. एका मादीमागे दोन नर ठेवावेत, काही दिवस अळ्यांसारखा जिवंत किंवा गोठवलेला आहार भरपूर द्यावा आणि मग टाकीतले बरेचसे पाणी बदलून दोन-तीन अंश थंड पाणी घालावे. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या सुमारास हे विशेष जमते; हवेचा दाब उतरल्याचा तो परिणाम, असे मासे पाळणारे मानतात. मादी नराच्या पोटाशी तोंड लावते तेव्हा दोघांचा इंग्रजी टी अक्षरासारखा आकार होतो. त्या वेळी ती शुक्रजंतू चक्क गिळते आणि ते तिच्या आतड्यातून वेगाने जाऊन पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांपर्यंत पोहोचतात, असे जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये याच जातीत दाखवले. नंतर ती चिकट अंडी काचेवर लावते, आणि आईबापच ती खाऊ लागतात.

तासाभरात अंड्यांचे कवच घट्ट होते. तेव्हा बोटाच्या टोकाने हलकेच लोळवून ती सोडवावीत आणि त्याच टाकीचे पाणी भरलेल्या वेगळ्या डब्यात, मंद हवेच्या बुडबुड्यांजवळ ठेवावीत. पाणी फिके निळे दिसेल एवढेच मिथिलीन ब्लू हे निळे औषधी द्रावण किंवा देशी बदामाचे वाळलेले पान बुरशीला आवर घालते. रस्त्याकडेला पडणारी ही पाने फुकट मिळतात, म्हणून माझी पसंती त्यांना. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने रोज काढावीत, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. पंचविसेक अंश तापमानाला चार-पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

खरे काम इथून सुरू होते. पहिले दोन दिवस पिल्ले पोटाशी असलेल्या बलकावर राहतात. त्यानंतर त्यांना मायक्रोवर्म, म्हणजे घरी वाढवता येणारे अगदी बारीक जंत, आणि अंड्यांतून नुकताच बाहेर आलेला, गोड्या पाण्यात धुतलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवलासा जीव, द्यावा. मायक्रोवर्म मला अधिक सोयीचे वाटतात, कारण ते तळाशी बसतात आणि बराच वेळ जिवंत राहतात. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून देण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. मी तो कधीच मानत नाही, कारण खाल्ला जातो त्याहून कितीतरी अधिक बलक तळाशी कुजतो आणि पिल्लू तर त्या तळालाच पोट टेकून बसलेले असते. उपासमारीपेक्षा या घाणीनेच अधिक पिल्ले दगावतात, असे माझे मत आहे. म्हणून रोज हवेच्या बारीक नळीने तळ शोषून पाणी पांढऱ्या मगात घ्यावे, म्हणजे चुकून ओढली गेलेली पिल्ले दिसतात आणि ती परत सोडता येतात. भरण्यासाठी मोठ्या माशांच्या टाकीतले पाणी उत्तम. नळाचे असेल तर क्लोरीन घालवून आणि तापमान जुळवूनच घालावे. मोटरच्या फिल्टरने पिल्ले खेचली जातात, तिथे हवेच्या बुडबुड्यांवर चालणारा स्पंज फिल्टरच हवा. तळाला वाळूचा अगदी पातळ थर आणि एक-दोन गोगलगायी असल्या की उरलेसुरले अन्न फारसे साचत नाही.

पिल्ले दोनेक सेंटीमीटरची झाली की ती मोठ्यांबरोबर राहू शकतात, आणि मग जागेचा प्रश्न येतो. ती तळ्यात किंवा नदीत कदापि सोडू नयेत. उजनीच्या जलाशयात असाच टाक्यांत पाळला जाणारा परदेशी सकर मासा शिरला आणि आता मच्छीमारांच्या जाळ्यांत तोच अडकतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला गिऱ्हाईकही नसते. माझी जास्तीची पिल्ले ओळखीचा दुकानदार खाद्याच्या बदल्यात घेतो. अल्बिनो असतील तर खाद्याचा डबा एका आकाराने मोठा मिळतो.