आत्याला विचारून घेतलेली नावं

रविवार, रात्री

आज दुपारभर आत्या शेजारी खुर्ची टाकून बसली होती आणि मी स्कॅन केलेले फोटो डिजीकॅम या फोटो लावून ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक करून उघडत होते. चेहरे जुळवायचं काम सॉफ्टवेअर करतं, पण १९७४ च्या मुंजीत दारात उभ्या असलेल्या नऊवारीतल्या बाई कोण, हे त्याला कुठून कळणार? आत्या चटकन म्हणाली, "अगं, या शेजारच्या काकू. लाडू वळायला पहाटेपासून आमच्याकडे होत्या." तेही लिहून घेतलं.

नावं फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठणाऱ्या माहितीत, उतरलीच पाहिजेत, याबाबत मी हट्टी आहे. तसा पर्याय सेटिंगमध्ये चालू करून ठेवलाय. नुसती सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये राहिली, तर सॉफ्टवेअर बदलताना मागे राहू शकतात. गूगलचं पिकासा हे फोटोंचं सॉफ्टवेअर २०१६ मध्ये बंद झालंच की.

तारखांचं काम त्याहून किचकट. स्कॅनला स्कॅन केल्याची तारीख लागते, म्हणून मुंज थेट गेल्या वर्षीच्या विसर्जन मिरवणुकीशेजारी जाऊन बसते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तर मूळ तारीख उरतच नाही. आता फाइलचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असंच देते. आपोआप क्रम लागतो. दिवस आठवत नसेल तर नुसतं वर्ष.

आत्याच्या लहानपणाचा मात्र एकच फोटो आहे. घर नारायण पेठेत, नदीपासून जवळ. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि अल्बमची ट्रंक पाण्यात गेली. हा एक वाचला, कारण त्याची प्रत साताऱ्याला मामांकडे होती. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा बॅकअपचा नियम मी कितीदा वाचलाय; पण तो फोटो हातात धरल्यावर तो खरा पटतो. दुसरी हार्ड डिस्क या महिन्यातच नाशिकला दादाकडे पोचवायची आहे.

पर्वतीच्या पायऱ्यांवरच्या फोटोतल्या दोन मुली आत्यालाही आठवेनात. तिने तिथूनच कोथरूडच्या मैत्रिणीला फोन लावला, वर्णन सांगितलं आणि एकीचं नाव मिळालं. दुसरीसाठी उद्या त्यांच्या शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकायचाय.