फुगडी, चवडा आणि बॉक्सिंगचे बूट

बुटांवरून सरांची बोलणी खाल्ली ती क्लासच्या तिसऱ्याच दिवशी. ऑफिसनंतर जरा घाम गाळावा म्हणून बॉक्सिंग लावलं होतं आणि पायांत होते तळजाईच्या टेकडीवर पळायला घेतलेले साडेसहा हजारांचे रनिंग शूज. एवढे महागाचे बूट म्हणजे कुठेही चालतील, अशी माझी समजूत. बॅगवर माझा उजव्या हाताचा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, बघता बघता सरांनी थांबवलं.

"फुगडी घातलीयेस कधी? टाचेवर फिरतेस का चवड्यावर?"

"चवड्यावर."

"मग इथे काय झालं पायाला?"

झालं होतं असं की रनिंगच्या बुटाची टाच पुढच्या भागापेक्षा चांगली सेंटिमीटरभर उंच, आणि खाली गादीसारखा फोम. नाकासमोर पळायला तो उत्तम. बॉक्सिंगमध्ये मात्र आपण सतत आडवे, तिरके, मागे सरकत असतो. ठोसा मारताना मागच्या पायाचा चवडा जमिनीवर वळतो आणि ताकद तिथून कंबरेत, खांद्यात चढते. माझी फोममध्येच जिरत होती. वर रुंद सोल जमीन सोडायला तयार नाही, त्यामुळे पाऊल जागच्या जागी आणि गुडघा वळलेला. महिनाभरात गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. एकदा डावीकडे सटकताना त्या उंच टाचेवरून घोटाही मुरगळला.

मग सरांच्या सांगण्यावरून पीटीचे पांढरे कॅनव्हास घेतले, शाळेत असायचे तसलेच. सपाट, पातळ, स्वस्त. पाय लगेच फिरू लागला, हे कबूल करायला हवं. पण पंधरा मिनिटं दोरीवरच्या उड्या मारल्या की चवडे ठणकायचे, आणि घोटा तर उघडाच.

माझा मावसभाऊ मुळशीत मॅटवर कुस्ती खेळतो. त्याला आखूड झालेले कुस्तीचे बूट माझ्या पायात बरोब्बर बसले. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, मोज्यासारखे घट्ट. रिंगमध्ये ते झकास चालले, बॉक्सिंगवाले कितीतरी जण तेच वापरतात. घोटाळा व्हायचा खाली हॉलमध्ये, रबरी मॅटवर. कुस्तीच्या बुटाचा मऊ सोल मुळात मॅटला चिकटावा म्हणूनच केलेला असतो. पैलवानाला ते हवंच असतं. मी क्रॉस मारला की बूट मॅट धरून बसायचा आणि गुडघा पुन्हा तीच तक्रार करायचा.

जिल्हा स्पर्धेसाठी नाव दिलं तेव्हा ठरवलं की आता खरे बॉक्सिंगचे बूट घ्यायचे. नियमाच्या दृष्टीने फार काही नसतं: बूट हलके हवेत, टाच नको, खिळे नकोत. अडचण नंबराची निघाली. दुकानातले काका म्हणाले, "सहाच्या खाली नाही ठेवत ताई, कोण घेतं?" २०१२ साली लंडनला बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलं, मेरी कोमने पदकही आणलं. आमच्या मापाचे बूट पुण्यातल्या दुकानात यायला अजून मुहूर्त लागत नाहीये.

मग ऑनलाइन. माझा नेहमीचा नंबर ५, तोच मागवला. आले ते ५च, पण यूएसचे, म्हणजे आपल्याकडच्या यूके नंबरापेक्षा लहान. मी डोळे झाकून घातले, 'सैल होतील वापरून' म्हणत आठवडाभर रेटले. उजव्या अंगठ्याचं नख आधी जांभळं झालं, मग काळं. वापरलेले बूट परत कोण घेणार?

दुसऱ्यांदा मात्र शहाणपण केलं. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय जरा फुगलेले असताना, प्रॅक्टिसचेच मोजे घालून कागदावर उभी राहिले आणि आईकडून पेन्सिलीने बाह्यरेषा काढून घेतली. डावा पाय २३.६ सेंटिमीटर, उजवा २३.२. माप मोठ्या पायाचं धरायचं आणि नंबराऐवजी कंपनीच्या तक्त्यातले सेंटिमीटर बघायचे. बोटांपुढे जागा थोडीच हवी. रनिंगच्या बुटात सोडतो तेवढी सोडली, तर पाय आत सरकतो आणि वळताना आधी पाय फिरतो, मग बूट.

आले ते घरातच सतरंजीवर घालून बघितले, सोलला धूळ लागली तर परत जात नाहीत म्हणून. हातात धरून वाकवले तर बरोबर चवड्याखाली दुमडले, मधोमध नाही. टाच उचलली तर आतून सुटली नाही. उंची मध्यम घेतली होती, घोट्याच्या जरा वर. नडगीपर्यंत येणारे दिसायला रुबाबदार, पण मला त्यात पाय फळीला बांधल्यासारखा वाटतो. यातही सगळ्यात वरची दोन भोकं मी सैलच ठेवते.

दोन आठवडे वापरून मऊ केले तरी स्पर्धेच्या दिवशी व्हायचं ते झालंच. आमच्या सरावाच्या रिंगपेक्षा तिथला कॅनव्हास गुळगुळीत, आणि कोपऱ्यात आधीच्या बाउटचं, म्हणजे लढतीचं, पाणी सांडलेलं. पायरीपाशीच पाय सटकला. सरांनी ओला टॉवेल अंथरला, "पुस पाय, पायपुसण्याला पुसतेस तसे." पूर्वी कोपऱ्यात राळेची पूड ठेवायचे, तिच्यात बूट घासून आत जायचं, हे मला त्यांनीच सांगितलं. नाडीची दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचली आणि वरून टेप. दुसऱ्या राउंडमध्ये समोरच्या मुलीची नाडी सुटली, रेफ्रीने बाउट थांबवून तिला कोपऱ्यात पाठवलं. माझ्या दमाला ती अर्धी मिनिट देवासारखी धावून आली.

हरले, ३-२ ने. पण तिसऱ्या राउंडमधला तो एक क्रॉस! चवडा फिरला, कंबर फिरली, आणि तिचं डोकं मागे गेलेलं मला स्पष्ट दिसलं. व्हिडिओत सरांचा आवाज ऐकू येतो: "फुगडी, फुगडी!"

कुस्तीचे बूट धुऊन वाळत घातलेत. मावसभावाचा धाकटा भाऊ आता तालमीत जायला लागलाय, रविवारी येऊन घेऊन जाईल.