धंद्याच्या गाड्यांचा विमा: आधी शेड्यूल, मग हप्ता

टेम्पो-ट्रकचा विमा काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो हप्त्याचा. मी तो सगळ्यात शेवटी विचारते. मालवाहू गाडीच्या क्लेममधलं भांडण बहुतेक वेळा कव्हर कमी पडलं म्हणून होत नाही. गाडी कागदावर एक असते आणि रस्त्यावर दुसरंच काम करते, तिथे ते सुरू होतं. कागद आणि काम जुळले की हप्त्याची घासाघीस दहा मिनिटांत उरकते.

म्हणून कोटेशन मागवायच्या आधी मी प्रत्येक गाडीची फाइल लावते. आरसी, फिटनेस, परमिट, पीयूसी, चालू पॉलिसी, चालकाचं लायसन्स आणि कर्ज असेल तर बँकेचा बोजा, एवढं त्यात हवं. आरसीवर तीन गोष्टी बघायच्या. गाडीचा वर्ग काय लिहिला आहे, मालासकट एकूण वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यू किती आहे आणि बॉडी कोणत्या प्रकारची नोंदवली आहे. उघड्या बॉडीची नोंद असलेल्या गाडीवर नंतर बंद कंटेनर चढवला आणि आरटीओत नोंद केली नाही, तर अपघातानंतर सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) फोटो आणि आरसी शेजारी शेजारी ठेवतो. त्या क्षणापासून आपण खुलासे देत बसतो.

वर्गाबद्दल एक गैरसमज कायम आढळतो. गाडी कंपनीच्या नावावर आहे म्हणजे ती व्यावसायिक, असं नाही. मालक किंवा मॅनेजर वापरतो ती पांढऱ्या पाटीची कार कंपनीच्या नावावर असली तरी खासगी कारच्या पॉलिसीतच बसते. वर्ग ठरतो वापरावरून. भाडं घेऊन कोणाची ने-आण केली किंवा नमुन्यांपलीकडचा माल वाहिला, की खासगी पॉलिसीतली ‘वापराची मर्यादा’ ओलांडली गेली. डिकीत रोज खोकी भरून दुकानोदुकानी माल टाकणाऱ्या कारवर खासगी पॉलिसी आहे, असं चित्र छोट्या धंद्यांत सर्रास असतं. काही घडेपर्यंत कोणाचं लक्षही जात नाही.

आता पॉलिसीच्या आत काय असतं ते. पहिला भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार तो सक्तीचा आहे. त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. दंड तसा किरकोळ आहे. खरं ओझं नुकसानभरपाईचं असतं, कारण समोरच्याच्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई कितीही ठरू शकते आणि विमा नसेल तर ती मालकाच्या खिशातून जाते. विमा असेल तर मृत्यू आणि इजेसाठी रकमेची मर्यादा नाही. समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र मालवाहू गाडीला साडेसात लाखांची मर्यादा असते. थोडा हप्ता वाचवण्यासाठी ती ६,००० रुपयांवर आणण्याची सोय आहे. ती घेऊ नये. पेट्रोल पंपाचं एक मशीन पाडलं तरी सहा हजारांत काहीच भागत नाही.

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, तो सरकारी अधिसूचनेने ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत भाड्याने माल वाहणाऱ्या, तीनचाकी वगळता इतर गाड्यांसाठी जीव्हीडब्ल्यू ७,५०० किलोपर्यंत १६,०४९ रुपये, त्यापुढे १२,००० किलोपर्यंत २७,१८६, २०,००० किलोपर्यंत ३५,३१३, ४०,००० किलोपर्यंत ४३,९५० आणि त्याहून जड गाडीला ४४,२४२ रुपये आहेत. जीएसटी वेगळा. म्हणजे दोन एजंटांच्या कोटेशनमध्ये थर्ड पार्टीचा आकडा वेगळा आला, तर कोणीतरी वजनाचा किंवा वापराचा रकाना चुकीचा भरला आहे. स्वस्त कोटेशन पाहून खूश होण्याआधी मी हाच आकडा तपासते. आणखी एक उपयोग: ७,५०० किलोच्या उंबरठ्यावरची गाडी घेताना दरवर्षी अकरा हजारांहून जास्त फरक पडतो, तो खरेदीच्या हिशेबात धरावा.

दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला सगळे ओडी म्हणतात. त्याचा पाया आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत. उत्पादकाच्या किमतीतून घसारा वजा करून तो काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षाअखेर ५०. पाच वर्षांनंतर आपण आणि कंपनी मिळून रक्कम ठरवायची. ओडीचा हप्ता कंपन्या स्वतः ठरवतात, त्यामुळे घासाघीस इथेच होते आणि सवलत दिल्यासारखं दाखवून आयडीव्ही खाली ओढण्याची युक्तीही इथेच चालते. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर जाऊन टोटल लॉस (गाडी पूर्ण गेली असं) धरला गेला, तर हिशेब याच आकड्यावरून होतो. कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात. आयडीव्ही कर्जाच्या बाकीपेक्षा कमी असेल तर गाडी गेली आणि हप्ते मागे राहिले अशी गत होते. शीतपेटी, क्रेन, टँक अशी बाहेरून बसवलेली बॉडी आणि यंत्रं आयडीव्हीत धरली आहेत का, हे वेगळं विचारावं लागतं. चेसिसच्या किमतीवर काढलेली पॉलिसी बॉडीचे पैसे देत नाही.

ओडीच्या क्लेममध्ये किती मिळतं याबद्दल बहुतेकांचा अंदाज चुकतो. समजा साडेतीन वर्षांच्या टेम्पोचं समोरून नुकसान झालं आणि बिल असं आलं: धातूचे पार्ट ६०,०००, काच ९,०००, रबर-प्लॅस्टिकचे किरकोळ पार्ट ६,०००, बंपर आणि दिवे १५,०००, रंगकाम १०,०००, मजुरी १८,०००. एकूण १,१८,०००. धातूवर या वयाला २५ टक्के घसारा, म्हणून ४५,०००. काचेवर घसारा नाही, ९,०००. रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के, म्हणून ३,०००. मजुरी पूर्ण धरली. बंपर, दिवे आणि रंग मात्र शून्य. हाती ७५,०००, आणि त्यातूनही शेड्यूलवर (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर) लिहिलेला, मालकाने सोसायचा सक्तीचा वाटा वजा. माल वाहणाऱ्या गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि ओडी दोन्ही असलेल्या) दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम टोटल लॉस सोडून वगळलेलं असतं. ते आत आणायला आयएमटी २३ (मोटार विम्याच्या दरपत्रकातलं २३ क्रमांकाचं) हे एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कलम, जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. शहरातल्या गर्दीत टेम्पोला सगळ्यात आधी मार बसतो तो याच भागांना. हे कव्हर घेतलं तरी या वस्तूंच्या खर्चाचा बराच वाटा मालकाकडे राहतो, तो किती हे एंडोर्समेंटच्या मजकुरात वाचावं. जीएसटी नोंदणी असेल आणि दुरुस्तीच्या बिलावरच्या कराचं क्रेडिट आपल्याला मिळत असेल, तर कंपनी तो कर क्लेममध्ये देत नाही. वर्कशॉपला बिल धंद्याच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह करायला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गाडीतल्या माणसांकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. चालकासाठी कायद्याने जेवढं कव्हर आहे त्यापलीकडे आयएमटी २८ खाली चालक आणि क्लीनरची कायदेशीर जबाबदारी घेता येते. माल चढवणारे-उतरवणारे हमाल रोज गाडीतून जात असतील तर त्यांची संख्या आयएमटी ३९ खाली लिहून घ्यावी. हप्ता माणशी आणि अगदी थोडा असतो. पण शेड्यूलवर ‘२’ लिहिलं आहे आणि गाडीत पाच जण बसतात, तर उरलेल्या तिघांचा प्रश्न मालकाच्या गळ्यात. मालाचा मालक किंवा त्याने पाठवलेला माणूस मालासोबत असेल तर कायदा त्याला सामावून घेतो. वाटेत लिफ्ट दिलेल्या प्रवाशाला मालवाहू गाडीत कव्हर नाही. चालकांना हे मी एकदा सांगून थांबत नाही, केबिनमध्ये लिहून लावते. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा फक्त मालक ‘व्यक्ती’ असेल आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तर लागू होतो. गाडी प्रायव्हेट लिमिटेड किंवा भागीदारी संस्थेच्या नावावर असताना त्याचा हप्ता लावलेला दिसला, तर तो काढायला सांगायचा.

गाडीतला माल या पॉलिसीत कुठेच नाही. त्यासाठी ट्रान्झिट विमा वेगळा. गाडी वर्कशॉपमध्ये उभी असताना बुडालेला धंदाही नाही, आणि इंजिनातला नुसता बिघाडही नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून इंजिन फुटलं, तर कंपनी त्याला अपघाताचा परिणाम न मानता नंतरच्या कृतीचा परिणाम मानते. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर नसेल तर चावी फिरवायची नाही, टोइंग बोलवायचं.

लायसन्सचा जुना घोळ बराचसा मिटला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं की एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. धोकादायक माल असेल तर वेगळे नियम आहेतच. त्याहून जड गाडीला मात्र योग्य वर्गाचं लायसन्स हवंच. जीव्हीडब्ल्यू ३,००० किलोपेक्षा जास्त नसेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यावर परमिट हवं आणि ते चालू हवं. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. यातलं काही संपलेलं असताना अपघात झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. जखमीला पैसे मिळतात, ओझं मात्र आपल्यावर येतं. पॉलिसी ‘होती’ एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. जादा माल भरला होता असं ओडीच्या क्लेममध्ये दिसलं, तर ‘नॉन-स्टँडर्ड’ म्हणून मान्य रकमेच्या जास्तीत जास्त ७५ टक्क्यांवर तडजोड होते. ती लेखी मागावी. थेट नकाराला गप्प बसून मान्यता देऊ नये.

नूतनीकरणाच्या तारखा मी महिनाभर आधी लावते, कारण दोन गोष्टी वेळेवर अवलंबून असतात. हप्ता कंपनीच्या हातात पडल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, विमा कायदा १९३८ चं कलम ६४ व्हीबी तेच सांगतं. चेक वटला नाही तर छापलेली पॉलिसी असूनही कव्हर उडू शकतं. म्हणून शेवटच्या दिवशी चेक द्यायचा नाही. दुसरं म्हणजे, खंड पडला तर तपासणी करून घ्यावी लागते आणि ९० दिवसांच्या वर गेला तर साठवलेला एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत, जातो. तो पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. चार-पाच हजारांचं किरकोळ नुकसान क्लेम करण्याआधी पुढच्या वर्षीची सवलत किती जाईल, हा हिशेब कागदावर मांडते. बहुतेक वेळा खिशातून भरणं स्वस्त पडतं.

पॉलिसी आली की पैसे भरल्याचं समाधान बाजूला ठेवून शेड्यूल वाचायचं: चेसिस आणि इंजिन क्रमांक, जीव्हीडब्ल्यू, वापराचा रकाना, बँकेचं नाव, माणसांची संख्या, एंडोर्समेंटचे क्रमांक. चूक दिसली तर त्याच दिवशी ईमेलने दुरुस्ती मागायची, फोनवरचं बोलणं धरायचं नाही.

अपघात झाल्यावर गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो, नंबर प्लेट दिसेल असे, आणि त्याच दिवशी कंपनीला कळवणं. कोणी जखमी असेल किंवा समोरच्याचं नुकसान असेल तर पोलिसांत नोंद. सर्व्हेअर येण्याआधी गाडी खोलू द्यायची नाही. ५०,००० रुपये किंवा त्याहून मोठ्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. त्या फेरीचं लायसन्स, परमिट, फिटनेस आणि बिल्टी (मालाची वाहतूक पावती) एकाच वेळी, पोच घेऊन द्यायची. समोरच्याकडून दाव्याची नोटीस आली तर ती टेबलावर पडू देऊ नये, लगेच कंपनीकडे पाठवावी. परस्पर तडजोडीची रक्कम कबूल करणंही टाळावं.

नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे एकल मालकीचे धंदे आणि सूक्ष्म उद्योग तक्रार करू शकतात, ५० लाखांपर्यंत, नकारानंतर वर्षाच्या आत. मोठ्या कंपन्यांना ग्राहक आयोग किंवा न्यायालय गाठावं लागतं.

गाडी विकताना थर्ड पार्टीचं कव्हर खरेदीदाराकडे आपोआप जातं. ओडी मात्र कंपनीने नाव बदलल्याशिवाय जात नाही, आणि त्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. एनसीबी गाडीसोबत जात नाही, तो आपला. त्याचं पत्र कंपनीकडून घेऊन त्याच वर्गाच्या नव्या गाडीला लावता येतो.