मळ्याची अंगकाठी मोजताना

मळ्या म्हणजे आपल्या डोंगरी ओढ्यांतला बोटभर मासा. हनुवटीखालच्या चकतीने दगडाला चिकटतो आणि शेवाळ खरवडून खातो. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं केली, त्यांत हाही आहे. महाबळेश्वरच्या डोंगरातून सावित्री महाडकडे उतरून अरबी समुद्र गाठते; कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं. उगम जवळजवळ, पण पुढे गाठभेट नाही. मग दोन्हीकडच्या मळ्यांची अंगकाठी सारखी असते का? हाच माझा पीएचडीचा प्रश्न.

मासे मिळवणं सोपं गेलं (परवानगीचे कागद सोडले तर). गावातली पोरं दगड उलटून नुसत्या हाताने मळ्या धरतात. कस लागला तो फोटोंत. फॉर्मालिनमध्ये मासा आक्रसतो, वाकतो, म्हणून ओढ्याकाठीच लवंगतेलाच्या पाण्यात तो निपचित पडला की लगेच फोटो. थर्माकोलवर डावी बाजू वर, पर टाचण्यांनी पसरलेले, शेजारी पट्टी, कॅमेरा बरोबर डोक्यावर.

मग टीपीएसडिग या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फोटोवर त्याच क्रमाने खुणा करायच्या: नाकाडाचं टोक, डोळा, कल्ल्याच्या झाकणाची मागची कड, पाठीवरचा पर सुरू होतो ती जागा, शेपटीचं मूळ वर-खाली. पर नेमका कुठे सुरू होतो? फोटो मोठा केला की पहिली बारीक काडी कातडीत बुडालेली दिसते आणि हात अडतो. म्हणून काही फोटोंवर, आधीच्या खुणा न बघता, पुन्हा खुणा केल्या. दोन खेपांतला फरक दोन नद्यांतल्या फरकाएवढा निघाला असता तर सगळंच मुसळ केरात!

प्रोक्रस्टिस पद्धतीत मासे सरकवून, फिरवून, लहान-मोठेपण काढून एकमेकांवर बसवतात. उरतो तो आकार. पहिल्या आलेखात (एक ठिपका म्हणजे एक मासा) दोन नद्यांचे ठिपके वेगळे पडलेले पाहून हरखले. सरांनी एवढंच विचारलं, "हा अक्ष वाकण्याचा नाही ना गं?" फोटोत मासे कमी-जास्त वाकलेले असले की डोकं-शेपूट खाली, मधलं अंग वर, असा फरकाचा अक्ष माशांच्या अभ्यासात हमखास डोकं वर काढतो. तो वजा केला. मग वाढीचा भाग, कारण पिल्लाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. अंड्यांनी पोट फुगलेल्या माद्या वेगळ्या काढल्या. प्रत्येक चाळणीनंतर दोन नद्यांचे ठिपके जवळ सरकत होते आणि माझा चेहरा उतरत होता.

आधीच ठरवलेल्या गटांमधला फरक ठळक करणाऱ्या कॅनॉनिकल विश्लेषणाने त्याच ठिपक्यांचे सुरेख वेगळे पुंजके दाखवले. त्यावर माझा भरवसा नाही. खुणा भरपूर आणि मासे थोडे असले की ही पद्धत चिठ्ठ्या टाकून पाडलेले गटही वेगळे दाखवते. म्हणून एकेक मासा बाजूला काढून, तो कुठल्या नदीचा हे उरलेल्यांवरून ओळखायला लावलं. निकाल नशिबापेक्षा बरा आला. फरक मुख्यतः शेपटीच्या मुळाच्या जाडीत.

आता हा फरक वंशातला की पाण्याने घडवलेला? स्वीडनमधल्या तळ्यांत पाइक हा शिकारी मासा सोडला तेव्हा क्रुशियन कार्प उंच अंगाचे झाले, हा प्रयोग १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आकार एका आयुष्यातही पालटतो. दोन्ही खोऱ्यांतली पिल्लं एकसारख्या पाण्यात वाढवल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. सध्या टाकीत पंप लावून ओढ्याची ओढ आणायचा खटाटोप चालू आहे. इतके दगड वेचून आणले, पण मंडळी काचेलाच चिकटून बसलीत.