साइड स्टँडचा बोल्ट

बेळगावात रस्त्याकडेला लावलेल्या मोटारसायकलींच्या रांगेत दुधाची गाडी कुठली, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. जी सगळ्यांत जास्त डावीकडे कललेली, ती. गाडी साइड स्टँडवर लावायची आणि मग भरलेल्या किटल्या अडकवायच्या, ही रोजची रीत. ज्यांच्याकडे किटल्या नाहीत ते चौकात गाडी लावतात आणि वर दोघे-दोघे बसून गप्पा हाणतात. हे सगळं ओझं जातं एका बोल्टावर. त्याची आठवण होते ती गाडी शेजारच्या दोन गाड्या घेऊन आडवी झाल्यावर.

हा बोल्ट नुसता आवळून भागत नाही, कारण स्टँड त्याच्याभोवती फिरतं. बोल्ट बाहेरून घातलेला असला, तर स्टँड खाली करताना त्याचं डोकं आवळण्याच्या दिशेने घासतं आणि वर घेताना सुटण्याच्या दिशेने. त्यात इंजिनाची थरथर. म्हणून मागच्या बाजूला चेकनट, म्हणजे बोल्ट जागेवर धरून ठेवणारा नट, दिलेला असतो आणि घट्टपणाचं खरं काम त्याचंच. लोक मात्र पाना घेऊन डोकंच पिळतात. स्टँड जाम होतं, मग लाथ मारून खाली करावं लागतं, आणि आठवड्याभरात बोल्ट पुन्हा ढिला.

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्यावी. खानापूर-जांबोटीकडच्या गाडीचा तांबडा चिखल आधी तारेच्या ब्रशने आणि डिझेलने काढावा, नाहीतर पाना नीट बसत नाही. पाना रिंगचाच घ्या, बहुतेक गाड्यांना 14 किंवा 17 नंबरचा लागतो. फिक्स पाना निसटला की नटाचे कोपरे गेलेच म्हणून समजा. आधी चेकनट सोडायचा. मग हलणं थांबेपर्यंत बोल्ट आवळायचा आणि जरासा, पाव फेऱ्याच्या आत, मागे घ्यायचा. आता डोकं एका पान्याने धरून ठेवून दुसऱ्याने चेकनट कसायचा. धरलेला हात ढिला पडला, तर नटाबरोबर बोल्टही फिरतो आणि केलेलं सगळं वाया. शेवटी स्टँड पाच-सहा वेळा वर-खाली करून बघा. स्प्रिंगच्या ओढीने ते खटकन जागेवर बसलं पाहिजे. अर्धवट लोंबणारं स्टँड चोर्ला घाटाच्या डाव्या वळणावर रस्त्याला टेकलं, तर गाडी उचलली जाते.

नायलॉनची कडी असलेला नट एकदा काढला की नवाच घालावा. ग्रीस बोल्टाच्या गुळगुळीत भागाला लावायचं, आट्यांना नाही. आट्यांना लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवून धरणारा द्रव, लावणार असाल, तर आटे पेट्रोलने पुसून कोरडे करा, निळं लावा आणि दिवसभर सुकू द्या. लाल नको, पुढच्या वेळी सोडवायला गॅस कटर मागवावा लागेल.

एवढं करूनही स्टँडचं टोक डुगडुगत असेल, तर बोल्ट झिजलाय. त्यासाठी तो बाहेर काढावा लागतो, आणि त्याआधी स्प्रिंग. ती उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. स्प्रिंग ताणलेली असताना वेढ्यांत जुनी नाणी किंवा पातळ वायसर अडकवले की ती लांबच राहते आणि हुकातून अलगद निघते. बोल्टावरून नख फिरवा. गुळगुळीत भागावर ते पायरीला अडकल्यासारखं थांबलं, की बोल्ट बदला. हार्डवेअरच्या दुकानातला पूर्ण आट्यांचा बोल्ट स्वस्त मिळतो, पण त्याचे आटे कानशीसारखे भोक खातात. गाडीचा मूळ पार्ट मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला, तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेता येतो. मात्र लोखंड हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारं, सांगा आणि गुळगुळीत भाग स्टँडच्या जाडीपेक्षा केसभर जास्त ठेवा, म्हणजे आवळल्यावरही स्टँड फिरेल.

भोकच लंबगोल झालं असेल, तर नवा बोल्टही डुगडुगणार. वेल्डिंगने भोक भरून पुन्हा पाडावं लागतं. गॅरेजमध्ये वेल्डिंग सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा. मिस्त्री 'काही होत नाही' म्हणेल, तरी काढायला लावा.